येलदरीच्या काठाने

पावसाळा उतरणीला लागला की वसमतच्या मोंढ्यात मालाच्या भावाआधी एक प्रश्न विचारला जातो, "येलदरी किती टक्के?" आमच्या घरात हा प्रश्न मी शाळकरी वयापासून ऐकत आलो. आधी वडील विचारीत. त्यांच्यानंतर आडतीच्या गादीवर बसलेले माझे थोरले बंधू अण्णा विचारू लागले. आणि बँकेत शेती अधिकारी झाल्यावर, टेबलाच्या पलीकडच्या बाजूने, मीही तेच विचारू लागलो.

त्याला कारणही तसेच आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरी येथे अडवली आहे. धरण १९६८ साली पूर्ण झाले. तेथील पाणी साडेबावीस मेगावॅटच्या वीजगृहातून खाली सिद्धेश्वर धरणात उतरते आणि सिद्धेश्वरहून निघालेले कालवे वसमत, परभणी, नांदेडकडे जातात. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८०९ दशलक्ष घनमीटर. तो भरला तर रब्बीला पाण्याची आवर्तने मिळतात, नऊ महिन्यांची हळद उन्हाळ्याआधी मान टाकत नाही, आणि गेल्या वर्षीची उधारी या वर्षी जमेस येते. नाही भरला तर व्यापारी वही मिटतो आणि बँकेचा अधिकारी पुनर्गठनाचे कागद काढतो. एवढ्या अथांग जलाशयाला आम्ही दोघा भावांनी जन्मभर एका आकड्यापलीकडे ओळखले नाही.

अण्णांचे वय आता ७३. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. या रोगात दृष्टी कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. "बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं," असे ते म्हणत, अलीकडे म्हणाले, "बांगडी लहान मुलीची झाली." कोजागरी उलटून दोन-तीन दिवस झाले असतील, सकाळी दुकानात गेलो तर ते म्हणाले, "अरे, तुझी गाडी नुसती सावलीत उभी असते. एकदा येलदरीला नेऊन आण. दिवाळीनंतर बांगडी कोणत्या मापाची राहील कोण जाणे."

दुसऱ्याच दिवशी निघालो. मागच्या आसनावर वहिनी आणि आमच्या सौभाग्यवती, त्यांच्यामध्ये दशम्यांचा डबा आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या. अण्णांचे सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावयाचे असल्याने परतीचा हिशेब मी निघण्याआधीच मांडला होता. वाटेत शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन घेतले, औंढा मागे टाकले आणि जिंतूरच्या रस्त्याला लागलो.

आश्विनातला मराठवाडा इतका सुंदर दिसतो, हे चाळीस वर्षे त्याच रस्त्यांवरून फिरूनही माझ्या लक्षात आले नव्हते. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखे स्वच्छ. दुतर्फा तरवडाची पिवळी फुले, कपाशीची पहिली बोंडे उमललेली, तूर कमरेच्या वर आलेली. मध्येच मात्र सोयाबीनची शेते लागत आणि गाडीतले बोलणे थांबे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने शेंगा झाडावरच काळ्या पडल्या होत्या. काही ठिकाणी कापणीसुद्धा केलेली नव्हती. मजुरी अंगावर पडली असती. अण्णांना ते दिसत नव्हते, पण काच खाली होती. "कुजकट वास येतोय," ते म्हणाले, "सोयाबीन ना?" मी हो म्हणालो. "धरण भरलं आणि मोंढा रिकामा. बाबांना हे सांगितलं असतं तर पटलं नसतं."

जिंतूरहून येलदरीकडे वळल्यावर चढउताराचा रस्ता लागतो. धरणाजवळ थोडा वेळ थांबलो; पाणी पाहण्यास आलेली इतर मंडळीही होती, कोणी छायाचित्रे काढीत होते. पण अण्णांना गर्दी नको होती. म्हणून पूर्णा ओलांडून सेनगावच्या बाजूला गेलो. इकडचा मुलूख माझ्या ओळखीचा. नव्वदच्या दशकात मी याच बाजूच्या शाखेत होतो आणि पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून या गावांतून हिंडलो होतो. रस्ता कधी टेकाडाआड जातो, कधी अचानक जलाशयासमोर येतो. अशाच एका वळणावर कडूनिंबाची सावली पाहून गाडी उभी केली.

अण्णा उतरले, काठी टेकून उभे राहिले आणि सवयीने विचारले, "किती टक्के?"

मी वर्तमानपत्रातला आकडा सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. "नको, तो मला माहीत आहे. काय दिसतंय ते सांग."

मी सांगू लागलो. समोर पाण्याचा विस्तार अंदाजे अमुक इतका. पलीकडच्या तीरावर टेकड्या. डाव्या हाताला अंशतः बुडालेली बाभळीची झाडे. पाण्याची पातळी काठाच्या गवतापर्यंत. अण्णा खळखळून हसले. "अरे, ही पाहणी आहे का? खाली सही-शिक्का पण कर."

मागून वहिनी हसल्या. मला हसू आले नाही. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो स्थळपाहणी अहवाल लिहिले, पण समोरचे दृश्य दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत उतरावे असे एक वाक्य मला सुचत नव्हते. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी की, या काठावरच्या शेतांचे जे अहवाल मी लिहिले, त्यांत हे पाणी कुठे आलेच नव्हते. धरणाचे कालवे खाली सिद्धेश्वरहून निघतात. वरच्या काठावरचा शेतकरी पाण्याकडे पाहत राहतो. विजेचा पंप आणि पाइप टाकण्याची ऐपत असेल तरच ते त्याचे. ज्याची नाही, त्याच्या सात-बारावर मी 'कोरडवाहू' पाहत असे आणि तसाच कर्जाचा दर लावत असे. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या जमिनीवर काही जण गाळपेर करीत, कलिंगडे, काकड्या लावीत. त्या पिकाला कर्ज मागायला एकदा एक गृहस्थ आले होते. जमीन सरकारची, तारण काय, असे म्हणून मी त्यांना परत पाठवले. त्यांचा चेहरा आठवत नाही. टेबलावर ठेवलेली काकडी आठवते.

दूर पाण्यावर थर्माकोलच्या तराफ्यावर कोणी जाळे ओढीत होता. त्याचे वर्णन मी अण्णांना केले नाही. येथे असताना मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेला जाळ्यांसाठी कर्ज मंजूर करण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. दोन रात्री झोप लागली नव्हती. शेवटी अण्णांना विचारले, तर ते म्हणाले होते, "खुर्ची बँकेची आहे, तुझी नाही. त्यांच्या पोटाचा निर्णय तुझ्या ताटावरून करू नकोस." मी सही केली. संस्थेने हप्ते वेळेवर फेडले. आपल्यापैकी काहींना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. मलाही ते पूर्ण रुचले होते असे नाही.

अण्णा आता झाडाखालच्या दगडावर बसले होते. वाकून त्यांनी मुठीत माती घेतली, चुरून पाहिली, नाकाशी नेली. "काळी, पण फार खोल नसणार. खाली मुरूम लागेल." मी विचारले, कशावरून? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी ६७ वर्षांचा होईपर्यंत मला माहीत नव्हते. परभणीच्या कृषी महाविद्यालयात असताना, १९७१ साली, त्यांची सहल येलदरीला आली होती. धरण तेव्हा अवघे तीन वर्षांचे. मुलांनी वेगवेगळ्या ठिकाणची माती पिशव्यांत भरून घेतली, कालव्याखालच्या जमिनीत कोणती पिके घ्यावीत यावर टिपणे लिहिली. "माझं टिपण सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं," एवढे बोलून ते थांबले.

पुढचे मला ठाऊक होते. १९७२ चा दुष्काळ. मोंढ्यात माल नाही, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे आणि त्यांना मिळणारी सुकडी. वडिलांनी दिलेली उचल गावोगावी अडकली. अण्णा दुसरे वर्ष अर्धवट सोडून घरी आले आणि गादीवर बसले. मी तेव्हा १४ वर्षांचा. पुढे मी बी.कॉम. झालो, एम.कॉम.साठी औरंगाबादला विद्यापीठात गेलो. दोन वर्षे महिन्याच्या पाच तारखेच्या आत दीडशे रुपयांची मनीऑर्डर येई. पाठवणाऱ्याच्या जागी अण्णांची सही असे. पैसे दुकानातून येतात, वडिलांच्या संमतीने येतात, हे मी गृहीत धरले होते. आपल्या घरांतून असेच असते.

त्या काठावर का कोण जाणे, माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी विचारले, "अण्णा, ते दीडशे रुपये तुम्ही कोणत्या खात्याला लिहीत होता?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बारदाना."

"म्हणजे?"

"बारदाना खरेदी खर्च. बाबांचं म्हणणं होतं, बी.कॉम. झालं, पुरे झालं; आता दुसऱ्यानेही गादीवर बसावं. त्यांचंही चूक नव्हतं, देणी फिटायची होती. पण मी म्हटलं, एका घरातून एकच परत यावा. रोजमेळ ते स्वतः तपासायचे. पोती किती घेतली हे मात्र ते मोजत नव्हते."

चोवीस महिने, दीडशेप्रमाणे तीन हजार सहाशे. बेरीज माझ्या मनात आपोआप झाली. ज्या माणसाच्या तोंडी हिशेबावर मोंढ्यातले शेतकरी पावती न घेता निघून जातात, ज्याने मापात कधी मूठभर फरक येऊ दिला नाही, त्याच्या वहीत चोवीस खोट्या नोंदी होत्या आणि त्या सगळ्या माझ्या नावावर होत्या.

"बाबांना कधी सांगितलं नाही?"

"गेले तेव्हा सांगणार होतो. धीर झाला नाही. दर वर्षी क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागतो, तेव्हा पहिली त्यांची मागतो. तू आता हे दुकानात बोलू नकोस."

वहिनी गाडीपाशी होत्या. त्यांना हे ठाऊक होते की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मला काही बोलायचे होते. पन्नास वर्षांचे बोलायचे होते. घशाशी आलेही. पण थोरल्या भावाला आभार म्हणण्याची रीत आमच्याकडे नाही, आणि ते ऐकून घेण्याची तर अण्णांकडे मुळीच नाही. म्हणून मी पुन्हा पाण्याकडे वळलो आणि सांगू लागलो.

या वेळी मी सावकाश सांगितले. वारा आला की पाण्यावर रेघोट्या उमटतात आणि त्या काठापर्यंत येण्याआधीच पुसल्या जातात. बाभळी गळ्यापर्यंत बुडाल्या आहेत, त्यांतल्या एकीच्या शेंड्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला आहे, दुकानाच्या दारात आपण पावसाळी छत्री उघडी ठेवतो तसा. पायाशी चिखलात एक धोबी पक्षी शेपटी हलवतो आहे. हा थंडीचा पाहुणा, नुकताच आला असावा. पलीकडे तीन बगळे, तिघेही तिन्हीकडे तोंडे करून. मधले पाणी आकाशाच्या रंगाचे आहे, पण काठाचे चहासारखे आहे, अजून गाळ बसलेला नाही. अण्णा मान त्या त्या दिशेला वळवून आपल्या बांगडीत एकेक गोष्ट शोधत होते. पाणकावळा त्यांना सापडला. बगळे नाही सापडले.

किती वेळ गेला कळले नाही. "अहो, ऊन कलायला लागलं, वाटेतच जेवण करावं लागेल," वहिनींनी हाक दिली, तेव्हा माझा सगळा हिशेब चुकलेला होता. जिंतूरला नेमगिरीवर जाण्याचा बेत सोडून द्यावा लागला. औंढ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी लावून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे जेवण केले. अण्णांनी तांब्यातले शेवटचे पाणी प्यायले तेव्हा सूर्य टेकडीच्या कडेवर होता. घरी पोहोचलो तेव्हा मोंढ्यातले दिवे लागले होते.

आठ-दहा दिवसांनी दुकानात गेलो. दिवाळीच्या तोंडावर असायला हवी तशी गर्दी नव्हती. अण्णा गादीवर बसून मुनीमजींना आणि दोन शेतकऱ्यांना येलदरीचे वर्णन सांगत होते. छत्रीसारखा पाणकावळा, चहाच्या रंगाचा काठ, सगळे शब्द माझेच. मी उंबऱ्यातच थांबलो. ते बगळ्यांपाशी आले.

"आणि पलीकडे अकरा बगळे," अण्णा म्हणाले. "अकराच्या अकरा मी मोजले."

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो, अकराच होते."