कुर्ल्याची पद्मिनी

मिरजेत आमच्या लहानपणी फियाट असायची ती डॉक्टरांची. ती कुणाच्या दारात उभी दिसली, की त्या घरात कोणीतरी आजारी आहे हे गल्लीला कळायचं, आणि ती लवकर परतली की शेजारच्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा. आम्ही मुलं मात्र ती थांबायची वाट बघत असू. बॉनेटवर तळहात ठेवला की इंजिनाची ऊब लागायची, पेट्रोल आणि तापलेल्या रेक्झिनचा मिसळलेला वास यायचा. या गाडीवर माझा जीव तेव्हा जडला, तो आजतागायत.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ तिथलीच. १९६४ मध्ये सरळ अंगाची ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी झाली. मूळ घराणं इटलीचं खरं, पण २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ती पुरती इथली होऊन गेली होती. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या माणसांनी तिला घरी आणलं, पेढे वाटले, चाकांखाली लिंबं ठेवली. पुढचं सीट सलग, गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढे तिघं बसायची आणि मागे किती बसायची याचा हिशेब लग्नसराईत कोणी ठेवत नसे. इंजिन १०८९ सीसीचं. तेवढ्या इंजिनावर माणसं आंबोलीचा घाट चढून गोव्याला जात, वाटेत थांबून रेडिएटरला पाणी पाजत.

मला हवी होती तशी पद्मिनी शेवटी तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये सापडली. टपावर रिकामे क्रेट रचलेले, काचांवर धुळीचा थर. “आजोबांनी घेतलेली. बाबांनी कुणाला विकू दिली नाही,” मालकाचा मुलगा म्हणाला. “काका, तुम्ही चालवणार असाल तर न्या. तोडायला देणार नाही.”

अशी गाडी बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक असावं. दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या भोवतीचा भाग, डिकीचा तळ अशा ठिकाणी ते हळूहळू फिरवायचं. जिथे चुंबक पकडत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, नुसती पुट्टी आहे. माझ्या गाडीचं छत आणि बॉनेट शाबूत निघालं. पायाखालची मॅटिंग उचलली तेव्हा मात्र गंजलेल्या भोकांतून शेडची जमीन दिसली. तरीही मी आनंदात होतो. पत्रा कापून नवा जोडता येतो. हरवलेली क्रोमची पट्टी, दाराची मूळची कडी, दारावरची छोटी तिकोनी काच यांच्यासाठीच खरी वणवण करावी लागते. पुण्यात नाना पेठ, रविवारी जुना बाजार, मुंबईत चोरबाजार. कागदात गुंडाळलेला एखादा नवाकोरा टेललॅम्प दुकानदार माळ्यावरून काढतो तेव्हा पैशांची घासाघीस करवत नाही.

इंजिन जाम होतं. मी बोलावलेल्या मिस्त्रींनी चारही प्लग काढले, छिद्रांतून ऑइल सोडलं आणि गाडीला काही दिवस हातही लावू दिला नाही. मग एका सकाळी पुलीच्या नटाला पाना लावून अंदाज घेतला. नट आधी हललाच नाही. त्यांनी पाना थोडा मागे घेतला, पुन्हा पुढे, आणि आतून बारीक सुटल्याचा आवाज आला. “बोअरचं काम निघेल, पण जिवंत आहे,” ते म्हणाले. पुढे टाकी धुऊन निघाली, कार्बोरेटर खोलला गेला, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले गेले. बॉनेट उघडलं की या गाडीत सगळं समोर दिसतं आणि प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. ज्यांच्या घरी ती होती त्या शिक्षकांना, वकिलांना, किराणा दुकानदारांना प्लग साफ करता येत असे. आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला कळतं, हा विश्वास तिने मध्यमवर्गाला दिला आणि मला तिची ही सर्वांत मोठी देणगी वाटते.

म्हणूनच जुन्या बॉडीत नवं इंजिन आणि खालचा गियर बसवून घेणं मला पटत नाही. ब्रेकचे रबर, होज, वायरिंग बिनदिक्कत नवं घालावं. तिथे जिवाशी गाठ असते. पण गियरच्या लिंकेजचे झिजलेले बुश बदलले की दांड्यावरचा गियर पुन्हा लोण्यासारखा पडतो. तो काढून टाकला तर पद्मिनी चालवण्यातलं सुख गेलंच.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून नाहीशी झाली. आता ती टिकेल ती घरांमध्येच. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ती गाडी रोज वापरता येत नाही, एवढं बंधन. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी आत्ताच भरली आहे.

तुमच्या वाड्यात, गोठ्याशेजारी, मामाच्या शेडमध्ये अशी एखादी उभी असेल तर आधी आरसी बुक शोधून ठेवा. मालक हयात नसतील तर गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. काचा लावा, टाकी रिकामी करा. आणि भंगारवाल्याला फोन करण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या फियाट मिस्त्रीला घरी बोलावून गाडी दाखवा. असे मिस्त्री आता फार उरलेले नाहीत.