जीवदानीच्या पायथ्याची कॅसेट

विरारला जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी हार, नारळ, ओटीचं सामान मांडलेल्या दुकानांत एके काळी कॅसेटींच्या चळतीही असायच्या. देवीची गाणी, गणपतीच्या आरत्या, साईबाबांची भजनं. आणि कव्हरच्या कोपऱ्यात लाल रंगातलं टी-सीरिज. नारळाबरोबर कॅसेटही सहज घेतली जाई. ही सहजता गुलशनकुमारांनी आणली.

दिल्लीच्या दर्यागंजात वडिलांचं फळांच्या रसाचं दुकान. तिथून ते रेकॉर्ड-कॅसेटींच्या धंद्यात आले आणि 1983 मध्ये त्यांनी सुपर कॅसेट्स, म्हणजेच टी-सीरिज, उभी केली. तोवर आमच्यासारख्या घरात आकाशवाणी लावेल तेच गाणं ऐकायचं. त्यांनी किंमत उतरवली आणि गाणं पानपट्टीवर, किराण्याच्या फळीवर नेलं. मला हे त्यांचं काम त्यांच्या ‘आशिकी’ सिनेमापेक्षाही मोठं वाटतं.

जुनी गाणी नव्या आवाजात काढून स्वस्तात विकायची वाट त्यांना कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमाने दिली. मूळ गाण्यांसाठी ज्यांनी घाम गाळला, त्यांना ते फार लागलं, आणि लागणारच. तरीही गायिका अनुराधा पौडवालांच्या आवाजातली आरती आईने स्वतः निवडून, स्वतःच्या पैशांनी घरी आणली, तो तिचा आनंद मी कमी लेखणार नाही.

12 ऑगस्ट 1997 ला सकाळी अंधेरीत, जितेश्वर महादेवाचं दर्शन घेऊन बाहेर पडताना गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. हरिहरन यांनी गायलेली टी-सीरिजची हनुमान चालीसा यूट्यूबवर 300 कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आहे. तीत गुलशनकुमार स्वतः दिसतात.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्या उघड्या असल्या की नवं काही भरता येत नाही. आई त्यांवर चिकटपट्टी लावायची आणि जुन्या सिनेमाच्या कॅसेटवर आळीतल्या बायकांची हळदीची गाणी भरून घ्यायची. कॅसेट स्वस्त होती म्हणूनच आईचा हात धजावला. मध्येच कुणीतरी खोकतं, कुणी ‘अगं, कडवं राहिलं की’ म्हणून ओरडतं, गाणं थांबतं आणि पुसायचे राहिलेले सिनेमाचे व्हायोलिन सुरू होतात.

भाचीच्या हळदीला आम्ही ती कॅसेट लावली. व्हायोलिन वाजू लागले तसं थोरल्या काकूंनी ते बंद करायला लावलं आणि राहिलेलं कडवं म्हणायला घेतलं.