रिकाम्या जागेचे चित्र

रिकामी जागा म्हणजे काहीच नाही, असे आपण सहज समजतो. दोन भिंतींमधले अंतर, दोन ओळींमधली मोकळी जागा, दोन माणसांमधला अबोला. यात पाहण्यासारखे ते काय असणार? अबोल्याच्या बाबतीत हे खरे नाही, हा अनुभव घरोघरी असतो. धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या हवेच्या बाबतीतही ते खरे नाही, हे मात्र मला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कळले.

माझा मामेभाऊ त्या वेळी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. एक सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर ठेवलेल्या दोन जाड पट्ट्यांना, म्हणजे इलेक्ट्रोडना, उच्च दाबाची वीज जोडली तर मधल्या हवेवर किती ताण येतो, हे संगणकावर काढून पाहायचे, असा त्याचा प्रकल्प होता. त्यासाठी तो डेव्हिड मीकर यांनी तयार केलेली ‘एफ. ई. एम. एम.’ नावाची मोफत मिळणारी प्रणाली वापरत असे. संध्याकाळी मी त्याच्या शेजारी जाऊन बसे. दहावीनंतर गणिताचा आणि माझा संबंध सुटलेला. ‘कला शाखेच्या मुलीला यातले काय कळणार?’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की पुढे पुढे ते आपणच स्वतःला ऐकवू लागतो.

दादाने पडद्यावर दोन आयत काढले. एकाला शून्य व्होल्ट दिले, दुसऱ्याला १५ हजार. मधल्या जागेत ‘हवा’ असे लिहिले. एक आज्ञा देताच सारी मोकळी जागा लहान लहान त्रिकोणांच्या जाळीने भरून गेली. दुसरी आज्ञा दिली आणि रंग उमटले. पट्ट्यांच्या मधोमध रंगांचे पट्टे शिस्तीत, समान अंतरावर. कडांशी मात्र ते बाहेर फुगलेले.

“पण दादा, कुठल्या ठिकाणी किती व्होल्ट, हे त्या त्रिकोणांना कळतं कसं?” मी विचारले.

“अगं, प्रत्येक ठिकाण शेजाऱ्यांकडे बघतं आणि त्यांची सरासरी होतं. मुळात एवढंच आहे,” असे म्हणून त्याने चौकटींचा कागद माझ्यापुढे सरकवला.

मी एक चौरस आखला. त्याच्या वरच्या कडेला १००, उरलेल्या तीन कडांना शून्य. आत तीन ओळींत नऊ बिंदू. सुरुवातीला सगळ्यांना शून्य दिले. मग एकेका बिंदूपाशी थांबून वरचा, खालचा, डावा, उजवा अशा चार शेजाऱ्यांची सरासरी लिहीत गेले. दहा-बारा फेऱ्यांनंतर आकडे हलायचे थांबले. मधली ओळ झाली १८.७५, २५, १८.७५. मध्यबिंदूला बरोबर २५ का, तेही मग उमगले. चारही कडा १०० असत्या तर आत सगळीकडे १००च झाले असते; मध्यबिंदूला चारही कडा सारख्याच जवळच्या, म्हणून एका कडेचा वाटा पाव. हे सिद्ध करायला मला एकही सूत्र लागले नाही! आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आतला कोणताही बिंदू कडांवरच्या आकड्यांच्या वर किंवा खाली जाऊच शकत नाही. रिकाम्या जागेला स्वतःचे असे मत नसते. तिचे सारे काही तिच्या कडा ठरवतात.

मायकेल फॅरडेची आठवण येथे अपरिहार्य आहे. १७९१ साली जन्मलेला हा मनुष्य पुस्तकबांधणीचे काम शिकत वाढला. उच्च गणित त्याला येत नव्हते. पण चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरून त्याने पाहिले आणि अवकाश रेषांनी भरलेला आहे असे चित्र मनाशी धरले. मॅक्सवेलने १८५५-५६ मध्ये त्या रेषांना गणिताची भाषा दिली. आधी चित्र, मग समीकरण, हा क्रम मला फार दिलासा देणारा वाटला.

परंतु चित्र जितके सुंदर तितकाच त्याच्यावर लवकर विश्वास बसतो. पडद्यावरच्या जगाला कुठे तरी शेवट असावा लागतो. त्या शेवटाशी काय आहे हे सांगितले नाही, तरी प्रणाली काही अडून बसत नाही; जणू कडेपलीकडे आरसाच आहे असे धरून ती हिशेब पुरा करते. चित्र तेवढेच देखणे येते.

खरी अडचण आली ती पट्टीच्या काटकोनी कोपऱ्यावर. सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट इतका ताण आला की हवा दगा देते आणि ठिणगी पडते. दादाच्या पहिल्या चित्रात कोपऱ्यावरचा आकडा होता २४ हजार. म्हणजे धोका नाही. अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. तरी त्याने त्रिकोण निम्म्या आकाराचे केले. आकडा ३० हजार झाला. पुन्हा निम्मे केले, ३८ हजार. दर वेळी सव्वापट. तो शांतपणे म्हणाला, “हा आकडा थांबणारच नाही. कागदावरचा कोपरा अगदी टोकदार असतो, तिथे ताणाला सीमाच नाही. पहिला आकडा हवेचा नव्हता, माझ्या जाळीचा होता.”

पहिलेच चित्र अहवालात चिकटवले असते तर कुणाला कळले असते? त्याने ते बाजूला ठेवले. पट्ट्यांच्या कडा पाच मिलिमीटर त्रिज्येने गोल केल्या आणि सगळे पुन्हा मांडले. या वेळी जाळी कितीही बारीक केली तरी आकडा २० हजारांच्या घरातच राहिला. नंतर त्याने मला रोगोव्स्कीबद्दल सांगितले. १९२३ मध्ये या जर्मन अभियंत्याने इलेक्ट्रोडच्या कडेला असा बाक दिला की कडेवरचा ताण मधल्या ताणाहून वाढतच नाही. हा बाक म्हणजे मॅक्सवेलच्या गणितातून निघालेली, समान व्होल्टच्या बिंदूंना जोडणारी एक रेषा. रिकाम्या जागेतली एक अदृश्य रेषा धातूत उतरवायची, ही कल्पना मला एखाद्या शिल्पकाराला शोभेल अशी वाटली.

आपणही कवितेचा, काळाचा, माणसाचा अर्थ लावताना कुठे तरी कडा आखतोच. आणि पहिलाच देखणा अर्थ हाती आला की थांबावेसे वाटते. जाळी आणखी बारीक करून तो टिकतो का, हे पाहायला लागणारा धीर दोन्ही शाखांत सारखाच दुर्मिळ असावा.

एस. टी.तून जाताना अतिउच्च दाबाच्या विजेचे उंच मनोरे दिसतात. विद्युतरोधकांच्या माळा जिथे तारेला मिळतात, तिथे पुष्कळदा धातूची गोल कडी बसवलेली असतात. पूर्वी मला ती नुसती शोभा वाटे. आता वाटते, तिथे कुणी तरी कोपऱ्यावरचा आकडा थांबेपर्यंत थांबले होते.