भुसा आणि सागवान

गेल्या दिवाळीत पुण्याहून आमच्या चुलत नणंदबाई आल्या होत्या. आमच्या अमरावतीच्या घरी त्यांची ही पहिलीच खेप. चपला काढून आत आल्या, टेबलावरून हात फिरवला, खुर्चीची विणलेली नवार निरखून पाहिली, जाळीच्या कपाटाचं दार दोनदा उघडमीट केलं आणि म्हणाल्या, "किती एथनिक ठेवलंयस गं घर! आमच्याकडे असलं टेबल घ्यायचं तर वीस हजार मोजावे लागतात. कुठून जमवलंस हे सगळं?"

मी म्हटलं, "आवड आहे हो ताई," आणि चहा टाकायला आत पळाले.

ते वाक्य तेव्हापासून दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलतंय. आवडबिवड काही नव्हती. नात्यातली बरीच मंडळी इथे येऊन वाचतात, प्रतिक्रिया देत नसले तरी फोनवर बरोबर विचारतात :) तेव्हा आज एकदाचं सगळं सांगूनच टाकते.

आम्ही अकोला सोडलं ते "मुलाच्या शिक्षणासाठी" असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते अर्धं खरं. यांचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दुकानाचं कंबरडं मोडलं ते मोडलंच. शाळा परत सुरू झाल्या, पण तोवर उधारी डोक्याएवढी झाली होती. २०२२ च्या डिसेंबरात शटर ओढलं. यांना अमरावतीत एका ठिकाणी हिशेबाचं काम मिळालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये आम्ही निघालो. देणी फेडायची म्हणून घर रिकामं करायला घेतलं.

आता गंमत ऐका. (तेव्हा ती गंमत वाटली नव्हती.) आमच्याकडे २०१४ साली हप्त्यांवर घेतलेला सेट होता. आरशाचं मोठं कपाट, सामान ठेवायची सोय असलेला डबलबेड, टीव्हीचं युनिट. सगळं मिळून ४८ हजार. त्या वेळी मी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. जुन्या सामानाचा व्यापारी आला, कपाटाच्या पाठीवर त्याने बोटाने टकटक केलं, खाली वाकून तळाची कड नखाने उकरली. नखाखालून पिठासारखा चुरा पडला.

"ताई, हा भुसा हाय. याले कोन घेते?"

मला भयंकर राग आला. पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्या फळ्या म्हणजे लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात कालवून दाबलेला. वरून सनमायका चकचकीत, आत काहीच नाही. आणि आपल्या वऱ्हाडात काय होतं, की मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरोघरी डेझर्ट कूलर चालू. कूलरची ओल दोन-अडीच महिने रोज त्या कपाटाच्या पायाशी. असली फळी एकदा पाणी प्यायली की फुगते, आणि फुगलेली पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात परत धरत नाही. म्हणजे बेड एकदा खोलला की संपला. सगळ्या सेटचे मिळून त्याने साडेचार हजार दिले, तेही आरशासाठी.

जाता जाता त्याची नजर ओसरीवरच्या बंगईकडे गेली. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: बंगई म्हणजे झोपाळा.) "याचे सहा हजार देतो, कड्यांसकट. आत्ता."

एका पाटीचे सहा हजार, आणि अख्ख्या सेटचे साडेचार!

ही बंगई माझ्या सासऱ्यांनी केलेली. पाटी परतवाड्याहून आणलेली, मेळघाटचा साग. आमच्याकडे ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की मुलालाही पाठ आहे. परतवाड्याला लाकूड घेतलं, अचलपूरला शकुंतलेत चढवलं, ती नॅरोगेजची गाडी डुलत डुलत मूर्तिजापूरला आली, तिथे गाडी बदलून अकोला. शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे, सासरेही गेले, पाटी तेवढी आहे. सासूबाई त्या वेळी बंगईवरच बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्याही नाहीत. यांनी व्यापाऱ्याला हात जोडले.

अमरावतीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. छताला कडी नाही, आणि घरमालक स्लॅबला भोक पाडू देणार नाही. तेव्हा ती पाटी दाराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली, कड्या एका पिशवीत. खाली सतरंज्या. मुलगा तेव्हा आठवीत, तो पोटावर झोपून अभ्यास करायचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसलं की उठता येईना. एक दिवस हे आठ हजार रुपये माझ्या हातात ठेवून म्हणाले, "यात जे होईल ते कर."

आठ हजारांत नवीन काय येतं? भुसा, आणि तोही हप्त्यांवर. म्हणून जुन्या सामानाच्या दुकानाची पायरी चढले. आठ दिवस तर दुकानासमोरून नुसतीच जात होते. कुणी ओळखीचं पाहील अशी भीती. अमरावतीत मला ओळखणारं होतं तरी कोण!

पुढे कळलं की अमरावती ही या बाबतीत भाग्याची नगरी आहे. विभागाचं ठिकाण असल्यामुळे इथे बदलीच्या नोकऱ्यांची माणसं पुष्कळ, आणि सरकारी बदल्या साधारण एप्रिल-मे मध्ये होतात. विद्यापीठ १९८३ पासून इथे, कॉलेजंही भरपूर, त्यामुळे उन्हाळ्यात पोरं खोल्या सोडतात. मेच्या शेवटी दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. जुनी घरं पडून फ्लॅट होतात, तिथलंही सामान येतं. त्यात मेळघाट जवळ असल्याने जुन्या घरांत साग वापरलेला. आज त्या जंगलात व्याघ्र प्रकल्प आहे, १९७३-७४ च्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. तसल्या जाड फळ्या नव्याने घ्यायच्या तर आपल्यासारख्यांनी भाव विचारूच नये.

व्यापाऱ्याने अकोल्यात माझ्या कपाटाची जी परीक्षा घेतली होती तीच मी इथे घ्यायला लागले. टकटक करून आवाज ऐकायचा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघायची, कारण पॉलिश पुढून करतात, मागे लाकूड उघडं असतं आणि ते खोटं बोलत नाही. पायांच्या तळाशी वाळवीची माती आहे का, बारीक भोकांतून पीठ पडतं का ते पाहायचं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचा पांढरा भाग ती खाते. सांधा हलत असला तर घाबरायचं नाही, लाकूड कुजलेलं असलं तर मात्र फुकटही घ्यायचं नाही.

असं करत करत जमलं ते हे. टेबल १२०० रुपये, त्याच्या खालच्या अंगाला पांढऱ्या रंगात "१४" लिहिलेलं, कुठल्या तरी कचेरीतलं असणार. वेत फाटलेल्या दोन खुर्च्या, ३०० ला एक. जाळीचं कपाट १५००, त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे तीन-चार थर. आणि एक दिवाण, १८०० चा. दिवाण आणला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोनाचा होता?" मेलेल्या माणसाची खाट घरात आणू नये ही त्यांची धास्ती. बदली झालेल्या साहेबांचा आहे म्हटल्यावर त्यांनी हळदकुंकू लावून त्याला आत घेतलं.

सांधे मात्र माझ्या हातचं काम नव्हतं. त्यासाठी एक म्हातारे वाढई मिळाले, ७०० रुपये रोजाने दोन दिवस. त्यांनी टेबलाला एकही नवीन खिळा मारला नाही. सैल झालेले सांधे सुटे केले, जुना वाळलेला सरस खरवडला, फेविकॉल लावून पुन्हा बसवले आणि दोरीने आवळून रात्रभर ठेवले. ड्रॉवर थोडं अडतं, जरा रंधा मारून द्या म्हटलं तर म्हणाले, घाई नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. श्रावणात अडणारं ड्रॉवर तासलं तर पुढच्या मेमध्ये खुळखुळतं. मेणबत्ती घासा. घासली. दोन वर्षं झाली, चालतंय.

बाकीचं आम्ही केलं. पॉलिशपेपर आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की ओरखडे कायमचे. कपाटाचा हिरवा रंग मात्र कोरडा घासायचा नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ पोटात जाऊ नये. म्हणून ओला करून, तोंडाला फडकं बांधून, मुलाला लांब ठेवून. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली लाल, आणि लालखाली तो मधासारखा रंग. मी ओल्या हातांनी तशीच यांना हाक मारली. कितीतरी महिन्यांनी या घरात काहीतरी बघण्यासारखं निघालं होतं!

पॉलिश परवडणारं नव्हतं, म्हणून जवसाचं तेल. सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, जवस चटनीत टाकाचा का लाकडाले फासाचा?" पण हे तेल वाळतं. पाण्यासारखं उडून नाही जात, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून घ्यायचं, चार-पाच दिवस थांबायचं आणि पुन्हा. जूनचं ऊन त्या कामी आलं. एक मात्र लक्षात ठेवा: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

खुर्च्यांना वेत घालायचे पैसे नव्हते. सासूबाई म्हणाल्या, नवार आण. माहेरी त्यांनी बाजा विणल्या होत्या. पायांना ताण देऊन, एक वर एक खाली, दोन दुपारी त्या विणत बसल्या. आणि विणता विणता बोलायला लागल्या. अकोला सोडल्यापासून त्या जेवण आणि औषध याखेरीज फारसं बोलत नव्हत्या. आम्हाला वाटायचं रागावल्यात. पट्टी ओढता ओढता म्हणाल्या, "मले वाटलं होतं तुमी बंगई इकसान. मीच इका म्हनाले पाह्यजे होतं. तोंडच उघडलं नाही माह्यं." दोन महिने ती बाई आमच्यावर नाही, स्वतःवर रागावली होती.

दुसऱ्या दिवशी वाढईबाबांना दारामागची पाटी दाखवली. माझ्या मनात होतं की कापून दोन शेल्फ करावेत. त्यांनी तळव्याने ती चाचपली आणि म्हणाले, "कापू नोका बाई. हे लाकूड पुन्हा भेटनार हाय का?" उरलेल्या तुकड्यांचे दोन बुटके घोडे त्यांनी करून दिले, त्यावर पाटी नुसती ठेवली. खिळा नाही, भोक नाही. कड्यांची चार भोकं तशीच आहेत. कधी आपल्या घराला छत आलं तर पाटी उचलायची आणि टांगायची. आज ती खिडकीखाली बाक म्हणून आहे. सासूबाई तिथेच बसतात. बसल्या की अजून त्यांचा उजवा पाय फरशीला हलकेच रेटा देतो. पाटी काही हलत नाही. पण पाय देतो.

हिशेब द्यायचा राहिला. सामान ५१००, मालवाहू ऑटो ४००, वाढई १४००, पॉलिशपेपर-तेल-नवार वगैरे ९००. एकूण ७८००. उरलेल्या २०० रुपयांचा त्या संध्याकाळी सगळ्यांनी गिला वडा खाल्ला, दही-चटणी घालून, नव्या टेबलावर. "१४" आकडा मी घासला नाही. मुलगा त्यावर अभ्यास करतो आणि त्याला "माझं ऑफिस" म्हणतो.

तर ताई, वाचत असाल तर, ते एथनिक नाही. आमच्याकडे पैसे नव्हते, एवढंच. तुम्हाला चहा द्यायला आत पळाले तेव्हा हे सगळं सांगायला हवं होतं. सेट गेला त्याचं मला आता वाईट वाटत नाही. भुसा झाकायला वरून चकाकी लागते, आणि गेली काही वर्षं मीही तसलीच चकाकी लावून फिरत होते. दमायला होतं हो त्याने.

पुढच्या खेपेला आलात की बंगईवर बसा. हलत नाही, पण बसायला छान आहे.