पाळण्यात न दिसलेले
‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण मी वर्गात शिकवत आले. पालेगावच्या घरी लेक चौदाव्या महिन्यात चालली, म्हणून निर्धास्त होते. दीड वर्षाची झाली तरी शब्द फुटेना, तेव्हा ‘तूही उशिराच बोललीस’ या आईच्या वाक्याचा आसरा घेतला. एके दिवशी तिच्या पाठीमागे पातेले पडले. तिने वळूनही पाहिले नाही. तपासणीत ऐकणे कमी निघाले. १८ महिन्यांपर्यंत चालणे वा एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, तर वाट पाहू नये. बोलणे लांबले तर आधी कान तपासावेत. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतही तपासणी होते. कवितेतल्या मौनाचे अर्थ मी लावत राहिले. घरातले मौन वाचायचे राहून गेले.