गोव्याला गेलो, बीच नाही पाहिला!

'गोव्याला चाललोय' असं ऑफिसात नुसतं सांगून बघा. समोरचा लगेच डोळा मारतो. शॅक, बिअर, स्कूटर, सनसेट... त्याच्याकडे लिस्ट तयारच असते. मग तुम्ही म्हणता, 'नाही रे, मडगावला चाललोय, मॅच बघायला.' समोरचा दोन सेकंद गप्प. 'एप्रिलमध्ये? मडगावला? वेडा आहेस का?'

आहे. आणि या वेडाला कंपनीही बरी असते.

अवे मॅच हा प्रकार आपल्या क्रिकेटवेड्या शहराला तसा नवा. आपल्या टीमच्या मागे दुसऱ्याच्या गावात जायचं, त्याच्या मैदानावर, त्याच्याच गर्दीच्या एका कोपऱ्यात बसायचं आणि आपल्या पोरांसाठी घसा फोडायचा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, मुंबई सिटी एफसी आली, 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' नावाची फॅन मंडळी जमली आणि अंधेरीच्या मैदानावर निळे शर्ट दिसायला लागले. होम मॅचला काय, ऑफिसमधून मेट्रो पकडली की पोचलो. अवे मॅचला मात्र रजा लागते, रिझर्व्हेशन लागतं आणि सोबत भांडायला चार माणसं लागतात.

मी सांगतोय ती मॅच २४ एप्रिल २०२४ ची. एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी, सेमीफायनलचा पहिला लेग, फातोर्डा. आम्ही जाताना जखमी मनाने जात होतो. नऊच दिवसांपूर्वी, १५ एप्रिलला, कोलकात्यात मोहन बागानने आम्हाला २-१ हरवलं होतं. त्यांचे पॉइंट झाले ४८, आमचे राहिले ४७, आणि लीगची शील्ड गेली. नुसता ड्रॉ चालला असता हो! मोसमाच्या मध्यात कोच डेस बकिंगहॅम सोडून गेले, पीटर क्रॅटकी आले, टीम पुन्हा उभी राहिली, आणि शेवटच्या मॅचला हे. आता प्लेऑफमध्येही गडगडलो तर वर्षभराच्या गप्पांवर पाणी.

कोकणकन्येतली वॉररूम

मंगळवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या. स्लीपर क्लास, आम्ही पाच जण. एक ठाण्याचा आयटीवाला, ज्याचं लग्नाचं बजेटसुद्धा एक्सेलमध्ये आहे. एक डोंबिवलीची सीए. एक कॉलेजच्या टीमचा माजी गोलकीपर. एक बँकवाला, मूळचा कुडाळचा. आणि मी. पनवेल यायच्या आत मधल्या बर्थवर वर्तमानपत्र पसरलं गेलं. शेंगदाणे म्हणजे गोव्याची टीम, चिवड्यातले खोबऱ्याचे काप म्हणजे आपली.

'सिंपल फंडा आहे,' एक्सेल म्हणाला. 'गोवा शनिवारी, वीस तारखेला, चेन्नईयनशी खेळलाय. म्हणजे मध्ये फक्त तीन दिवस. आपल्याला नऊ दिवसांचा ब्रेक मिळालाय. पहिल्या मिनिटापासून हाय प्रेस. दमलेल्यांना आणखी पळवायचं.'

'आणि पळवणारा काय खुर्चीत बसून पळवतो?' सीएने विचारलं. 'प्रेस करायला आपल्यालाच जास्त धावावं लागतं. या उकाड्यात अर्ध्या तासात तुझी बॅलन्सशीट लाल. बॉल आपल्याकडे ठेवायचा. अपुईया, नोगेरा, व्हॅन नीफ, हे तिघं पास देत बसतील. बॉलला घाम येत नाही, बाबा.'

गोलकीपरचं म्हणणं त्याहून साधं होतं. 'नोआ सदाउईला जागा देऊ नका, ड्रॉ घ्या आणि घरी या. सोमवारी, २९ ला, अंधेरीत बघू.'

'ड्रॉसाठी रजा टाकलीय मी?' एक्सेल भडकला.

मी सीएच्या बाजूने होतो, आणि माझ्याकडे पुरावाही होता. २०१४ चा वर्ल्ड कप, ब्राझीलमधलं फोर्टालेझा, भर दुपारची मॅच. नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध ०-१ ने मागे. त्या स्पर्धेत फार उकाडा असला तर तिसाव्या आणि पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास कूलिंग ब्रेक मिळायचा. लुई व्हॅन गालने तो ब्रेक पाणी पिण्यासाठी कमी आणि टीमची मांडणी बदलण्यासाठी जास्त वापरला. ८८ व्या मिनिटाला स्नायडर, इंज्युरी टाइममध्ये हुन्टेलारची पेनल्टी, २-१. त्याच वर्ल्ड कपच्या मॅचेसचा नंतर अभ्यास झाला. जास्त उकाड्याच्या मॅचेसमध्ये स्प्रिंट कमी झाल्या होत्या, पण अचूक पासचं प्रमाण वाढलं होतं. म्हणजे खेळाडू आपोआपच सीएच्या मताचे झाले होते!

एवढा वेळ कुडाळवाला वरच्या बर्थवर नुसता ऐकत पडला होता. तो म्हणाला, 'तुम्ही सगळे एसीतल्या डोक्याने बोलताय. उद्या दुपारी मडगावात उभे राहा, मग सांगा.'

सकाळी कुडाळ स्टेशनवर त्याची आई डबा घेऊन उभी होती. खिडकीतून घावणे आणि खोबऱ्याची चटणी आत आली, वर एक प्रश्नही: 'ह्या उन्हात खंय धडपडूक चललास रे?'

'खेळूक नाय गे आये, बघूक!'

तिने कपाळावर हात मारला तेवढ्यात गाडी सुटली.

घाम वाळत नाही, बॉस!

मडगावला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. स्टेशनबाहेर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलींवर 'पायलट' उभे. मोटरसायकल टॅक्सी हा गोव्याचा भन्नाट प्रकार, पण त्या वेळी वाऱ्यावर बसूनही वारा गरमच लागत होता.

उकाडा मुंबईतही असतो, मान्य. पण मुंबईत आपण तो तुकड्यातुकड्यात खातो. लोकलमध्ये दहा मिनिटं, ऑफिसच्या गेटपर्यंत पाच मिनिटं, मग एसी. इथे आम्ही मॅचपर्यंतचे आठ तास उघड्यावर होतो. कुडाळवाला काय म्हणत होता ते तासाभरात कळलं. प्रश्न नुसत्या उन्हाचा नाही, दमट हवेचा आहे. घाम आल्याने माणूस गार होत नाही, घाम वाळल्याने होतो. किनाऱ्यावर हवेतच इतकं पाणी की तो वाळतच नाही. शरीर तापतं, हृदय जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं आणि तेवढं पायांच्या वाट्याचं कमी होतं. डोकंही जरा उशिरा चालतं. मॅच संध्याकाळी साडेसातला असली म्हणून सुटका नाही. सूर्य जातो, दमटपणा मुक्कामाला असतो.

दुपारी मडगाव झोपतं. दुकानांची शटर्स खाली, रस्ते रिकामे, चर्चसमोरच्या जुन्या घरांच्या खिडक्या बंद. आपण याला 'सुशेगाद' म्हणून हसतो. एप्रिलच्या दुपारी एकदा तिथे चालून पाहा, हा आळस नसून शहाणपण आहे हे पटतं.

नगरपालिकेच्या बागेजवळ एका छोट्या हॉटेलात आम्ही पंख्याखाली बसलो. भाजी, पाव, पाठोपाठ सोलकढी. एक्सेलला हुर्राक हवी होती. काजूच्या बोंडांची ही पहिल्या धारेची दारू, याच दिवसांत मिळते, लिमका आणि चिरलेली मिरची घालून पितात. सीएने कोकम सरबताचा ग्लास पुढे सरकवला. 'मॅचनंतर. आधी मीठ-पाणी पोटात जाऊ दे.'

शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचे काका पेपर वाचत होते. आमचे निळे शर्ट बघून त्यांनी पेपर खाली ठेवला.

'मुंबईचे? मग आज काय करणार तुम्ही?'

गोव्यात हा प्रश्न साधा नसतो. इथे फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम लायन्स यांनी आणला असं सांगतात. तेव्हापासून तो गावागावात मुरलाय. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं आयएसएलच्या कितीतरी आधीची. काका स्वतः सासष्टीतल्या गावात खेळलेले. भात कापून झालं की मोकळ्या शेतात, नाहीतर चर्चच्या मैदानावर. 'पण ऊन उतरल्यावर हां. दनपारां कोण धांवता रे?'

एक्सेलने आपला हाय प्रेस समजावून सांगितला, सीएने तिचा पासिंग गेम. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'आमचं सोपं आहे. आम्ही आधी गोल करणार. मग बॉल ठेवणार. तुमची पोरं मागे धावून दमतील.'

'आणि काका, शेवटी दमले ते तुमचेच तर?' सीएने विचारलं.

काका हसले. 'मग तुम्ही जिंकाल, बाय. पण तोपर्यंत तुमचा जीव राहायला पाहिजे.'

फातोर्ड्याची शेवटची सात मिनिटं

पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे त्याचं खरं नाव, पण सगळे फातोर्डाच म्हणतात. १९८९ चं बांधकाम, साधारण १९ हजारांची क्षमता. नारिंगी शर्टांच्या त्या समुद्रात आम्ही म्हणजे निळी चिमूट. बसल्या जागी पाठ ओली. वॉर्म-अप करणाऱ्या खेळाडूंचे शर्ट टीव्हीवर दिसतात त्याहून दोन शेड गडद दिसत होते.

आणि मॅच काकांनी सांगितली तशीच गेली. पहिल्या हाफमध्ये बोरिस सिंगने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. सासष्टीतलाच पोरगा, त्यामुळे स्टेडियम हलायचं तेवढं बाकी होतं. ०-२. एक्सेलने मोबाइल खिशात टाकला. गोलकीपर म्हणाला, 'एक तरी मारा रे. सोमवारी काहीतरी हातात राहू दे.' ऐंशी मिनिटं झाली, पंच्याऐंशी झाली. आजूबाजूचे लोक गाणी म्हणत होते. काही जण पार्किंगमधून लवकर सुटावं म्हणून उठलेसुद्धा.

नव्वदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला. आम्ही ओरडलो, पण जरा बिचकतच. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, २-२! आता आम्हाला कुणी थांबवू शकत नव्हतं. आणि ९० अधिक ६ व्या मिनिटाला पुन्हा छांगते. ३-२. जेमतेम सात मिनिटांत तीन गोल! सीए आणि कुडाळवाला एकमेकांना मिठी मारून उड्या मारत होते. माझा आवाज तिथेच फातोर्ड्यात राहिला, दोन दिवसांनी परत आला.

बाहेर पडताना मात्र आम्ही शर्टांवर टॉवेल टाकले. भीती म्हणून नाही, पण एवढी शांत गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आम्हाला स्टेशनला सोडणारा पायलट वाटेत एक शब्द बोलला नाही. पैसे घेताना एवढंच म्हणाला, 'फुटबॉल असोच, पात्रांव.'

मग कोण बरोबर?

परतीच्या गाडीत पुन्हा तोच वाद. एक्सेल म्हणे तीन दिवसांच्या विश्रांतीने गोव्याला शेवटी दगा दिला. सीए म्हणे शेवटपर्यंत पायात ताकद राखली म्हणूनच छांगते पळू शकला. गोलकीपरच्या मते गोव्याने मॅच संपली असं आधीच ठरवलं होतं. खरं सांगायचं तर एका मॅचवरून असं काही सिद्ध होत नाही. दोन गोल खाऊन नव्वदाव्या मिनिटाला जागं व्हायचं, हा प्लॅन तर आमच्या कुणाच्याच वर्तमानपत्रावर नव्हता.

पण एक गोष्ट मला तिथे जाऊनच कळली. टीव्हीवर उकाडा दिसत नाही. घरी सोफ्यावर बसून आपण सहज म्हणतो, 'अरे, हा पळत का नाहीये? पैसे कशाचे घेतो?' फातोर्ड्यात आठ तास भाजून निघाल्यावर सत्तराव्या मिनिटाला चालणारा विंगर आळशी वाटत नाही, तो हिशेब करतोय हे दिसतं. कुठला बॉल सोडायचा, कुठल्यासाठी शेवटची स्प्रिंट राखायची. उन्हाळ्यातली टॅक्टिक्स म्हणजे बहुतेक हाच हिशेब, आणि तो एक्सेलमध्ये बसत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. २९ एप्रिलला अंधेरीत २-०, आणि ४ मे ला त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानला ३-१ हरवून कप मुंबईत. गंमत म्हणजे ज्याच्या गोलने आमचं तोंड सुकलं होतं तो ब्रँडन त्याच उन्हाळ्यात मुंबई सिटीत दाखल झाला!

जाणार असाल तर...

फिक्स्चर पक्कं झाल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि पक्कं झाल्यावर एक दिवसही थांबू नका. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्यात कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. रात्रीची कोकणकन्या सगळ्यात बेस्ट, भांडायला अख्खी रात्र मिळते. दुपारी एक ते चार मडगावकरांसारखं सावलीत राहा. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर, सोबत टोपी आणि एक जादा शर्ट. हुर्राक मॅचनंतर. आणि दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाका. मॅच संपली तरी टॅक्टिक्सचं भांडण किमान पनवेलपर्यंत चालतं.