पावाच्या दुकानातील धडा

काही वर्षांपूर्वी पॅरिसला जाण्याचा योग आला. सारे आयुष्य मराठी वाचण्यात आणि शिकवण्यात गेलेली मी त्या शहरात पाऊल ठेवताच जणू निरक्षर झाले. पाट्यांवरील अक्षरे ओळखीची, पण अर्थ लागेना. कोणाला काही विचारावे, तर जीभ अडखळे. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला पदोपदी किती संकोच वाटत असेल, हे मला प्रथमच उमगले.

पहिल्याच सकाळी पावाच्या दुकानात गेले. नुकत्याच भाजलेल्या पावांचा खरपूस वास दरवळत होता. ‘बागेत’ नावाचा लांबट, कुरकुरीत पाव घेण्यासाठी माणसे रांगेत उभी होती. माझी पाळी येताच मी नुसते बोट दाखवले. दुकानातल्या बाईंनी पावाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहून त्या ‘बोंजूर’ म्हणाल्या आणि थांबल्या. मी ओशाळले. मग ध्यानात आले, की माझ्या आधीच्या प्रत्येकाने प्रथम हाच शब्द उच्चारला होता. बोंजूर म्हणजे नमस्कार. आधी माणसाची दखल घ्यायची, मग वस्तू मागायची, अशी तेथील रीत. मीही ‘बोंजूर’ म्हटले. उच्चार चुकलाच असणार. पण बाईंनी हसून पाव कागदात गुंडाळून दिला.

या साध्या पावामागे मोठा इतिहास आहे. १७८९ साली पॅरिसमध्ये पाव महागला, मिळेनासा झाला. तेव्हा ५ ऑक्टोबर रोजी बाजारातील हजारो स्त्रिया पावसात सुमारे २० किलोमीटर चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी राजा सोळावा लुई याला पॅरिसला यावे लागले. पुढे १७९३ साली हुकूम निघाला, की श्रीमंतांसाठी पांढरा आणि गरिबांसाठी कोंड्याचा असे वेगळे पाव न करता सर्वांसाठी एकच पाव करावा. त्याला ‘समतेचा पाव’ म्हणत. २०२२ साली बागेत बनवण्याच्या कौशल्याला आणि त्याभोवतीच्या संस्कृतीला युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

परतताना एका शाळेच्या दारावर तीन शब्द कोरलेले दिसले. मुलासारखी अक्षरे जुळवत मी ते वाचले. स्वातंत्र्य, समता, बंधुता! आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही ही मूल्ये आहेत. आपण ती फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. म्हणजे ज्याच्या शोधात मी इतक्या दूर आले, ते माझ्या घरीच होते.

आमच्या कोपऱ्यावर एक मावशी भाजी विकतात. वीस वर्षे मी त्यांना फक्त भाव विचारत आले. प्रवासाहून परतल्यावर मी प्रथम म्हटले, “नमस्कार मावशी, कशा आहात?” त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग तराजू खाली ठेवून त्यांनी हात जोडले.